नऊपैकी सात खुणा

३ एप्रिल २०१९, बुधवार

नऊपैकी सात. कायल एबर्लीने टेप गुंडाळून खिशात टाकली आणि कागद माझ्या हातात दिला. ग्रेव्हीने त्याला पंजा दिला, हात मिळवायला. त्याने तो घेतलाही. मग म्हणाला, "सॉरी, मिसेस स्टकी."

हा कायल! शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं ताटं वाढली, त्यातली आठ याला. सॉसेज तीन-तीन मागायचा आणि गाजरं खिशात घालून न्यायचा, बाहेर जाऊन टाकायला. आज नगरपालिकेचा बिल्ला लावून माझ्या अंगणात गुडघ्यांवर बसला आणि माझ्या कुत्रीची छाती मोजली. सोबत आणखी दोघं – एक अग्निशमन दलातला, एक पाणीपट्टीच्या खिडकीवरची. कायद्यात तसंच आहे. तिघांनी मोजायचं आणि एकमेकांना न दाखवता लिहायचं. रुंद छाती, चौकोनी डोकं, फुगीर गाल, आखूड केस, चाबकासारखी शेपटी – अशा नऊ खुणा. पाच जुळल्या की ते कुत्रं पिटबुल. ते वागतं कसं, कुणाला कधी चावलंय का, असलं काही त्या कागदावर नाही. पाणीपट्टीवालीने सहा लिहिल्या, अग्निशमनवाल्याने आठ.

मी म्हटलं, "कायल, यातल्या सहा खुणा माझ्या कार्लमध्ये होत्या. चाळीस वर्षं संसार केला, एकदा चावला नाही."

अग्निशमनवाला हसला. कायल हसला नाही. हळूच म्हणाला, "कायदा तुमचाच आहे, मिसेस स्टकी."

तीस दिवसांत ग्रेव्ही गावाच्या हद्दीबाहेर गेली पाहिजे. नाहीतर हे लोक घेऊन जाणार आणि मारायची सुई देणार. अपील केलं तर ७ मेला नगर परिषदेपुढे सुनावणी. केलं अपील. तिथल्या तिथं, कायलच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. पेनही त्याचंच घेतलं.

४ एप्रिल

तक्रार का झाली ते कळलं. ग्रेव्ही शाळेच्या बसथांब्यावर गेली आणि मुलांच्या रांगेत बसली. रांगेत! एकतीस वर्षांत मला मुलं बसवता आली नाहीत.

७ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये जेवण होतं. मॅक्सिन डॉब्सने तोंड उघडायला माझं ताट भरेपर्यंतही दम धरला नाही. "व्हर्ना, डेनीचा कायदा डेनीच्याच आईला चावला म्हणायचा." टेबलावरच्या सगळ्या खिदळल्या.

मी म्हटलं, "तुझ्या पॉमेरेनियनने गेल्या वर्षी पोस्टमनची पोटरी फोडली, त्याच्या खुणा मोजायला कोण आलं होतं?"

"तो एवढासा आहे गं."

"म्हणून तर मोजत नाहीत."

तिच्या बटाट्यांना हात न लावता घरी आले. आता डोकं तापलंय म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिते, म्हणजे ताळ्यावर येईल.

१९९३. ऑगस्ट महिना, गुरुवारची दुपार. डेनी सहा वर्षांचा. मी आत कणसं सोलत होते. किंकाळी ऐकून धावले तर पोरगं गवतात पडलेलं, डावा गाल फाटलेला, आणि त्याच्यावर वाकून उभा टॉलिव्हरचा डीकन. टॉलिव्हर आमचा शेजारी, डीकन त्याचा कुत्रा – पट्ट्यापट्ट्यांचा, हातोड्यासारख्या डोक्याचा पिटबुल. कुंपण ओलांडून आला होता. तोंडाला रक्त. आणखी काय बघायचं असतं? माझी आई पायरीवर थरथरत उभी, तिचा स्पॅनिअल टॉफी छातीशी धरून. सत्तावीस टाके पडले. त्याच दिवशी डीकनला गाडीत घालून नेलं आणि सोमवारी संपवला. सप्टेंबरात मी डेनीला हाताला धरून नगर परिषदेत उभी राहिले आणि म्हटलं, असले कुत्रे या गावात नकोत. पाच विरुद्ध शून्य. पेपरात फोटो आला – डेनी, गालाला पट्टी, मांडीवर टॉफी. तो आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे.

तेव्हा मी खरं बोलले आणि आताही खरंच बोलतेय. पिटबुल वाईटच. पण ग्रेव्ही पिटबुल नाही. नोव्हेंबरात चर्चच्या मागे कचऱ्याच्या डब्यापाशी सापडली, अकरा पाव खाऊन फुगलेली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर हल्सने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय – लॅब्राडोर मिक्स. कागद आहे माझ्याकडे. आता वंशाचीही तपासणी करून घेते, आणि तो कागद मॅक्सिनच्या बटाट्यांत खोचते.

१० एप्रिल

डॉक्टर हल्सकडे गेले. म्हटलं, तुम्ही लिहिलेलं लॅब्राडोर सुनावणीत सांगायला याल ना? त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"व्हर्ना, मी सगळ्यांनाच लॅब लिहितो."

"म्हणजे?"

"चौकोनी डोक्याचं कुत्रं दारात आलं की लॅब मिक्स. पंचवीस वर्षं लिहितोय. दुसरं काही लिहिलं तर कायल घेऊन जातो. आख्ख्या मिझुरीत नसतील तेवढे लॅब एकट्या कॉटर्स बेंडमध्ये आहेत. पण लॅबसारखं पाण्याचं वेड एकालाही नाही."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

"तुझ्या कायद्याआधी लिहीत नव्हतो."

तपासणीची कांडी घेतली. गालाच्या आतून फिरवायची आणि पाकिटात घालून पाठवायची, वंशावळ कळते. ग्रेव्हीला वाटलं खाऊ आहे. अर्धी कांडी चावली.

१२ एप्रिल

पत्रपेटीत चिठ्ठी. 'कुत्री हलव, नाहीतर आम्ही हलवू.' नाव नाही. लिहिणाऱ्याला मीच जेवू घातलं असणार, या गावात पन्नाशीच्या आतला प्रत्येक जण माझ्या हातचं खाऊन वाढलाय.

दुपारी फळीला पांढरा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहून अंगणात ठोकली – 'सावधान. म्हातारी चावते.'

१४ एप्रिल, रविवार

ग्रेव्हीने कुंपणाखालून बोगदा काढला, या महिन्यातला तिसरा, आणि टॉलिव्हरकडे गेली. मी हाका मारून दमले. वाकून फटीतून बघते तर तो उलट्या बादलीवर बसलाय आणि ही त्याच्या बुटावर हनुवटी टेकून.

डीकननंतर त्याने कुत्रं पाळलं नाही. रेल्वेत रूळ बदलायचं काम करायचा, निवृत्त झाला, बायको गेली, तरी नाही. सव्वीस वर्षं आमचं बोलणं म्हणजे मान हलवणं. नाताळात मी सफरचंदाचा केक पाठवते, ताटली घासूनपुसून परत येते. त्यावर कधी काही ठेवलेलं नसतं.

आज बोलला. "मिस व्हर्ना, तुमची कुत्री माझ्याकडे नाश्त्याला येते."

"तिला खायला घालू नका, टॉलिव्हर."

"मी कुठं घालतो. ती वसूल करते." मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मोजली म्हणे."

"सात."

"डीकनच्या नऊच्या नऊ होत्या. तेव्हा मोजायची पद्धत नव्हती. तुमच्या कायद्याचा कागद आला, त्यावर खुणा होत्या, त्या वाचून मी आठवून आठवून मोजल्या."

मी म्हटलं, "ही लॅब्राडोर आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "असं?" म्हणाला.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

पोस्टात काही नाही. ईस्टरचं हॅम आणलं. त्यातलं हाड आत्ताच कुणाच्या नावावर आहे ते सांगायला नको.

२२ एप्रिल

कायल मुसकी घेऊन आला. सुनावणीपर्यंत बाहेर नेताना घालायची. मी म्हटलं, मॅक्सिनच्या मापाची आहे का? या वेळी हसला. ग्रेव्ही मुसकी घालून सगळ्या रस्त्याला शेपटी हलवत चालली. माझी मान मात्र कुणापुढे वाकली नाही, दोन फेऱ्या जास्तच मारल्या.

२६ एप्रिल, शुक्रवार

आलं. ८१ टक्के अमेरिकन पिटबुल टेरिअर. बाकी थोडा बुलडॉग, थोडा बीगल. लॅब्राडोर शून्य.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुणी मागितलं नव्हतं, मीच हौसेने पाठवलं. कागद पाककृतींच्या कार्डांच्या डब्यात 'सॅलड'च्या मागे ठेवला, तिथं या घरात कधी कोणी बघितलं नाही.

ग्रेव्ही माझ्या मोज्यावर डोकं ठेवून झोपली होती. सकाळी होती तीच. मी मात्र पाय काढून घेतला आणि खुर्ची मागे सरकवली. इथं खोटं लिहायचं नाही असं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलंय, म्हणून लिहिते. मागे सरकवली. तिने एक डोळा उघडला, उठली, आणि पुन्हा पायावर येऊन झोपली.

२७ एप्रिल

दिवसभर पर्डीची मुलं डोक्यात. चार भावंडं, एकामागून एक शाळेत आली. बाप तुरुंगात, म्हणून मुख्याध्यापिका मला सांगायची, पर्डी आले की चमचे मोजत जा. मोजले. एकवीस वर्षं मोजले. चमचा कधी कमी भरला नाही. दुधाचे डबे मात्र जायचे, आणि ते नेत होती बँकेच्या मॅनेजरची मुलगी, स्वेटरखालून. तिच्या वेळी मी काही मोजत नव्हते.

मॅक्सिन म्हणेल, पोरं वेगळी, जनावरं वेगळी. जनावराचं रक्तात असतं. ते काही अगदी खोटं नाही. कोलीला मेंढ्या हाकायला शिकवावं लागत नाही, बीगलचं नाक जमिनीवरून उठत नाही. पिटबुल झुंजीसाठी वाढवला, हेही खरं. म्हणजे या माझ्या कुत्रीच्या रक्तात झुंज आहे. आणि ती बसथांब्यावर रांगेत बसते, हेही खरं. दोन्ही मला एका ताटात नीट वाढता येत नाहीयेत. पण एवढं कळतं – जबडा मोठा आहे तर कुंपण उंच करीन, साखळी हातात ठेवीन, मुलांजवळ एकटी सोडणार नाही. चावली तर जबाबदारी माझी. चावली नाही तोवर तिला मारायचा कुणाला हक्क नाही.

आणि तो कागद सुनावणीत मीच वाचणार. ८१ टक्के, मोठ्याने. करा काय करायचं ते.

२८ एप्रिल, रविवार

डेनी तुलसाहून गाडी चालवत आला. मी त्याला कळवलं होतं, तुझ्या नावाच्या कायद्याविरुद्ध उभी राहतेय, तुला वाईट वाटणार असेल तर सांग. बत्तीस वर्षांचा झाला. दाढी ठेवलीय, पण डाव्या गालावर एका रेषेत केस उगवत नाहीत.

त्याच्यासाठी ग्रेव्हीला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तो म्हणाला, "सोड तिला." आणि जमिनीवर बसला. ती आली, हुंगलं, आणि सरळ त्याच्या मांडीत पसरली. मग गाल चाटायला लागली. तोच गाल.

"डेनी, तुला भीती नाही वाटत?"

"हिची? नाही."

"पिटबुल आहे रे. कागद आलाय."

"आई, मला पिटबुलची भीती कधी वाटलीच नाही. मला टॉफीची वाटायची."

मी हातातली ताटं खाली ठेवली.

तो तिच्या कानामागे खाजवत बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. "मी टॉफीच्या तोंडातलं हाड ओढलं. त्याने गाल धरला आणि सोडेना. मी ओरडलो तसा डीकन कुंपणावरून आला. त्याने टॉफीला हुसकावलं आणि माझा गाल चाटत उभा राहिला. तू आलीस तेव्हा तेच बघितलंस. त्याच्या तोंडाला रक्त होतं ते माझा गाल चाटल्याचं."

"आणि तुझी आजी?"

"तिने टॉफीला उचललं. मला म्हणाली, त्याचं नाव घेतलंस तर त्याला मारून टाकतील. मी सहा वर्षांचा होतो, आई. मला टॉफी मरायला नको होता."

"मग डीकन मेला."

"ते मला नंतर कळलं. आणि तोवर माझ्या नावाचा कायदा झाला होता. सगळे डोक्यावरून हात फिरवायचे. कुणाला आणि कसं सांगायचं?"

बत्तीस वर्षांचा बाप्या, माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर कुत्रीच्या मानेत तोंड घालून रडला. मी त्याच्यावर रागावले नाही. त्याला जेवायला वाढलं. मला स्वतःला घास गेला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर आईच्या मांडीवर आणखी नऊ वर्षं झोपला, शेवटी दात गेले तेव्हा मी त्याला कोंबडी कुस्करून भरवली.

३० एप्रिल

मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. आईला बोलले, मोठ्याने, भांडी घासताना. मग पेपरातला फोटो भिंतीवरून उतरवला. खिळा निघत नाहीये.

३ मे, शुक्रवार

टॉलिव्हरला सांगितलं. सभेत सगळ्यांबरोबर त्याने ऐकावं हे बरं दिसलं नसतं. तो टोमॅटोची रोपं लावत होता. मी कुंपणाशी उभी राहिले आणि डेनीने सांगितलं ते सगळं एका दमात सांगून टाकलं – हाड, टॉफी, आई, डीकन कसा आला ते. शेवटी म्हटलं, "मला माहीत नव्हतं, टॉलिव्हर. देवाशपथ माहीत नव्हतं."

त्याने सुतळीचा तुकडा कापला. मग म्हणाला, "हं."

एवढंच. मग म्हणाला, "सभेत सांगणार?"

"सांगणार."

"सगळं?"

"सगळं."

"मग मी येईन. ती खुंटी जरा द्या इकडे."

खरं लिहायचं तर मला राग आला. मी एवढं मोठं बोलले, आईची अब्रू त्याच्या वाफ्यात नेऊन ठेवली, आणि याला खुंटी हवी! ओरडला असता, रडला असता, जाऊ द्या म्हणाला असता – काहीतरी.

संध्याकाळी राग ओसरला. १९९३ मध्ये या गावात काळ्या लोकांची तीन घरं होती, त्यातलं एक टॉलिव्हरचं. तेव्हा कार्ल म्हणाला होता, "त्या लोकांची कुत्रीही तसलीच." मी त्याला गप्प केलं नाही. त्याच्या कपात कॉफी ओतली. हेही लक्षात आहे माझ्या.

५ मे

चर्चमध्ये आज माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. पाय पसरून बसले.

७ मे, मंगळवार

झालं. उद्या लिहिते.

८ मे, बुधवार

हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडकीत बसले होते. वेंडेल क्रॅबट्री महापौर, एरवी खिळे-स्क्रू विकतो. त्याने माझं नाव पुकारलं. डेनी माझ्या शेजारी. टॉलिव्हर तिसऱ्या रांगेत, कडेला, टोपी मांडीवर.

आधी कागद वाचला. "एक्क्याऐंशी टक्के पिटबुल. लॅब्राडोर शून्य. ज्यांना वाद घालायचा होता त्यांचे कष्ट वाचवले." मॅक्सिनचं तोंड उघडंच राहिलं. वेंडेल म्हणाला, "व्हर्ना, मग प्रश्नच मिटला की." मी म्हटलं, "मिटला नाही. आता सुरू झाला. खाली बस आणि ऐक."

मग सांगितलं. गवत, हाड, टॉफी, आई. ज्या कुत्र्याने माझं पोर सोडवलं त्याला मी मारायला लावलं, आणि वर त्याच्या तोंडवळ्याचा कायदा करून घेतला. मी म्हटलं, "सव्वीस वर्षं तुम्ही मोजमाप करताय ते एका कॉकर स्पॅनिअलच्या गुन्ह्याचं." डेनीने गाल पुढे करून म्हटलं, "मी होतो तिथं. असंच झालं."

परिषदेतली नवी मुलगी आहे, दातांची डॉक्टर, तिने विचारलं, "मिसेस स्टकी, त्या वेळी तुम्हाला कुणीच काही बोललं नाही? कुणी पाहिलं नव्हतं?"

मी ताठ उभी राहून सांगितलं, "कुणीही नाही. मी लग्नापासून रोज वही लिहिते. एक शब्द जरी कुणी बोललं असतं तरी तो वहीत असता. मला कुणी सांगितलं नाही, नाहीतर त्या जनावराच्या केसाला धक्का लागू दिला नसता."

टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी 'शाब्बास व्हर्ना' म्हणालं. मी टॉलिव्हरकडे पाहिलं. तो टोपीच्या आत बघत होता.

चार विरुद्ध एक. ग्रेव्ही राहणार. खुणा मोजणं बंद. नवा कायदा होईपर्यंत कुत्र्याचं वागणं बघायचं, डोकं नाही. मॅक्सिनने येऊन मिठी मारली, तिचा हेअरस्प्रे माझ्या डोळ्यांत गेला. कायल जवळ आला आणि म्हणाला, "मिसेस स्टकी, गाजरं मी खिशात घालून न्यायचो."

"माहीत आहे."

सव्वीस वर्षांनी त्याच हॉलमध्ये, त्याच जागी उभी राहिले आणि पुन्हा जिंकले. लपवत नाही, मला माझा अभिमान वाटला.

बाहेर गाड्यांपाशी टॉलिव्हर थांबला होता. "चांगलं बोललात, मिस व्हर्ना."

"तुम्ही आलात, बरं वाटलं."

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्या वर्षीची वही आहे अजून?"

"सगळ्या आहेत. एकही टाकलेली नाही."

"हं," म्हणाला, टोपी घातली आणि त्याच्या ट्रककडे गेला.

असं का विचारलं त्याने? ती वही मी पुन्हा कधी उघडली नाही. डेनीच्या टाक्यांचं वाचवत नाही.

९ मे, गुरुवार

सकाळी माळ्यावरचा खोका उतरवला. हिरवी वही. आहे तसं उतरवते.

'१५ ऑगस्ट, रविवार. डेनीचा ताप उतरला. टॉलिव्हर दारात आला होता, टोपी हातात. म्हणतो, मी कुंपणाशी होतो, डोळ्यांनी पाहिलं, चावला तो तुमच्या आईचा स्पॅनिअल, डीकनने सोडवलं पोराला. म्हणतो, डीकन उद्यापर्यंत जिवंत आहे, माझं कोणी ऐकत नाही, तुम्ही एक फोन करा. मी दार लावून घेतलं. जेवायला मीटलोफ केला.'

अक्षर माझंच आहे.

टॉलिव्हर टोमॅटोंना पाणी घालतोय. ग्रेव्ही आधीच तिकडे आहे. वही घेऊन जाते.